बाटलीतले एकसष्ट खडे

रविवारी सकाळी दहा वाजता जामसंड्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे लांब टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर बत्तीस काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर नावाची चिठ्ठी. आत पाणी, आणि पाण्यावर तरंगणारे हिरवट-पिवळे खडे, कुणाचे वाटाण्याएवढे तर कुणाचे चांगले बोराएवढे. माणसं रांगेने पुढे सरकत होती आणि मोबाइल बाटलीला टेकवून फोटो काढत होती. हे खडे त्या बत्तीस जणांच्या पित्ताशयातून ऑपरेशनशिवाय, फक्त घरच्या खाण्यावर बाहेर पडले, असं मागच्या फलकावर लिहिलं होतं. ते कुठल्या वाटेने बाहेर पडले हे लिहिलेलं नव्हतं, पण कार्यालयाच्या मागे दोरीवर बत्तीस प्लास्टिकच्या गाळण्या वाळत होत्या, त्या पाहिल्या की कळत होतं.

तिसऱ्या बाटलीपाशी माझा थोरला भाऊ उभा होता. आम्ही सगळे त्याला भाईच म्हणतो. वय अठ्ठावन्न, बाजारात बांगड्या-कटलरीचं दुकान. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"एकसष्ट आसत," तो मला म्हणाला. "दोनदा मोजलंय."

"भाई, सोनोग्राफीत चारच होते."

"मशिनीक दिसले नसतीत."

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पोरं असं उत्तर देतात तेव्हा मी हसते. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही, कारण पाच फेब्रुवारीला कुडाळला भाईचं ऑपरेशन ठरलेलं होतं. नोव्हेंबरात त्याच्या पोटात कळ आली होती. तिथल्या सर्जनबाईंनी तपासून चार खडे दाखवले, मोठा नऊ मिलिमीटरचा. म्हणाल्या, साधं ऑपरेशन आहे, पण टाळू नका, एखादा खडा नळीत सरकला तर जिवावर बेतेल. भाई मान डोलावून घरी आला आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. आमचे बाबा चाळीस वर्षांपूर्वी ऑपरेशनला आत गेले ते परत आलेच नाहीत. भाई तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि दाराबाहेर तोच बसला होता. असल्या माणसाला "चाकू न लावता" एवढे शब्द पुरतात.

ते शब्द घेऊन आले आहारयोगी सुशांतजी. भगवे कपडे नाहीत, जटा नाहीत. खादीचा सदरा, पायात पांढरे बूट आणि गालाला चिकटवलेला माइक. बोलणं तर असं की ऐकणाऱ्याला आपण आजवर मूर्ख होतो याचाच आनंद व्हावा.

"तुमच्या आजीकडे कुठली डिग्री होती?" सुशांतजी विचारत.

"नव्हती," सभा म्हणे.

"आजी किती वर्षं जगली?"

"नव्वद."

"तिचा दवाखाना कुठे होता? चुलीपाशी. ऑपरेशनवाले तुमचं पित्ताशय काढून घेतात. आम्ही खडा काढतो आणि पित्ताशय साभार परत करतो."

टाळ्या. आजीची आठ मुलं होती आणि त्यातली तीन पाळण्यातच गेली, हे आठवायला कुणाला सवड नव्हती.

शिबीर तीन दिवसांचं होतं. पहिले दोन दिवस नाचणीची पेज, कुळथाचं कढण, शेवग्याच्या पाल्याचा रस. इथवर माझी काही तक्रार नाही. मीही हेच खाते आणि अंगाला बरं असतं. तिसऱ्या संध्याकाळी मात्र सुशांतजी स्वतःच्या हाताने एक मोठा पेला देत. त्यात कोमट खोबरेल, त्यांचं 'अमृतघृत', लिंबाचा रस आणि चिमूटभर 'वनक्षार'. दुसऱ्या दिवशी पहाटे गाळणी घेऊन आत जायचं आणि खडे घेऊन बाहेर यायचं.

मी भाईच्या नकळत त्याच्या बाटलीतले तीन खडे रुमालात बांधले आणि घरी आणले. शेजारची नर्मदाआजी पडवीत टाचांना तूप चोळत बसली होती. आमच्याकडे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया कुटून, उकळून त्यांचं घट्ट तूप काढतात आणि मुठीत वळून गोळे करतात. त्याला मुठेल म्हणतात. थंडीत भेगा पडल्या की घरोघरी तेच लावतात, आणि आमच्या आळीला ते नर्मदाआजीच पुरवते. मी रुमाल तिच्यापुढे सोडला. तिने एक खडा चिमटीत धरला आणि बोटाच्या उबेने तो जरासा मऊ पडला.

"ह्या माझा मुठेल," ती म्हणाली. "ह्येका हिरवो रंग खंयसून इलो?"

खडा कुठून आला ते मी सांगितलं. आजीने तो शांतपणे खाली ठेवला.

"धुतलंस मां गो?"

"धुतलाय."

"तो सुशांत माझ्याकडसून आठ किलो मुठेल घेवन गेलो. माका वाटला, शिबिरातल्या माणसांच्या टाचो फुटल्यो असतीत."

मी कपात गरम पाणी घेऊन एक खडा त्यात टाकला. मिनिटभरात खडा नाहीसा झाला आणि वर तेलाचा तवंग आला. अमृतघृत म्हणजे हेच मुठेल, आणि पेलाभर तेलतूप एकदम पोटात गेलं की सगळं पचत नाही. उरलेल्याच्या आतड्यात गोळ्या वळतात, पित्त लागून त्या हिरव्या होतात, आणि त्यांना बाहेर ढकलायला रेचक असतोच. वनक्षार म्हणजे दुसरं काही नव्हतं. खडे पित्ताशयातून निघालेच नव्हते. ते आदल्या संध्याकाळी पेल्यातूनच आत गेले होते. ज्या गावात दर घरी मुठेलाचा गोळा असतो, त्या गावाने आपलाच गोळा ओळखला नाही. काखेत कळसा, दुसरं काय.

मला वाटलं, काम झालं. पुढच्या रविवारी सुशांतजींचा सत्कार होता. मी थर्मासमध्ये गरम पाणी भरलं आणि नर्मदाआजीला घेऊन गेले. स्टेजवर चढले आणि सगळ्यांसमोर खडा वितळवून दाखवला. आजी पण उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "ह्यो खडो न्हय. ह्या मी केलेला मुठेल आसा."

सुशांतजी जरासुद्धा बिचकले नाहीत. त्यांनी मला नमस्कार केला.

"ताई विज्ञानाच्या शिक्षिका आहेत. बघा, आपल्या उपचाराने दगडासारखा खडा किती मऊ होतो, हे आज विज्ञानानेच सिद्ध केलं. आणि आजी, तुमच्या तुपाशिवाय हे झालं असतं का?"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की माझं पुढचं वाक्य मलाच ऐकू आलं नाही. मी सोनोग्राफी पुन्हा करा म्हणत होते. तोवर माझ्या हातात श्रीफळ आणि खांद्यावर शाल आली होती. संध्याकाळपर्यंत माझा व्हिडिओ देवगडभर फिरला, खाली मजकूर: 'शिक्षिकेनेही मानलं.' मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की प्रयोग करून दाखवला की प्रश्न मिटतो. तो मिटत नाही, हे मला भर सभेत शाल पांघरून कळलं.

घरी जाऊन मी भाईच्या पाया पडायची बाकी राहिले.

"एकदा फक्त सोनोग्राफी कर. खडे नसले तर मी स्वतः त्या सुशांतजींची माफी मागेन."

"खडे बाटलेत आसत मां? मगे पोटात खंयसून येतले?" भाई म्हणाला. आणि मग जरा खालच्या आवाजात, "सुनू, तू पोरांका शिकय. माका शिकवू नको. मी बाबांच्या दारात बसलंलंय, तू न्हय."

पाच फेब्रुवारी आली आणि गेली.

नऊ तारखेला भाईला कळ आली, मग थंडी वाजून ताप. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. गौरजावहिनींनी सुशांतजींना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, विष बाहेर पडतंय, पिवळेपणा ही शुभ खूण, आता दवाखान्यात नेलंत तर विष आत दाबलं जाईल. मी अंथरुणाशी बसून विनवत होते, रागावत होते, रडतही होते. भाई भिंतीकडे तोंड करून पडला होता. शुद्धीवरच्या थोरल्या भावाला उचलून गाडीत घालता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला आई म्हणून हाक मारू लागला, तेव्हा शेजारच्या सिराजने न विचारता गाडी काढली.

सर्जनबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पित्ताशयात तीन खडे. चौथा नळीत अडकलेला, त्याच्यामागे पू, आणि पुवाचा संसर्ग रक्तात भिनलेला. नोव्हेंबरात चार होते, आताही चारच. एकसष्टांपैकी एकही भाईचा नव्हता. बाईंनी त्याच संध्याकाळी नळी मोकळी करायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी सकाळी भाई गेला. बाई म्हणाल्या, दोन दिवस आधी आला असता तर वाचण्याची चांगली आशा होती. त्या खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नाचणी खा, कुळीथ खा, शेवगा खा, सोलकढी प्या. चांगलं खाणारा माणूस कमी आजारी पडतो, हे खरं आहे, आणि असल्या खऱ्याआडच खोटं सुखाने बसतं. पण ताट पुढे करून कुणी म्हणालं की गोळी सोडा, ऑपरेशन रद्द करा, तर बाटल्या बघू नका, टाळ्या ऐकू नका. उपचाराआधीची तपासणी आणि नंतरची तपासणी शेजारी ठेवून मागा. ती देण्याऐवजी जो आजीच्या गोष्टी सांगेल, त्याच्यासमोरून उठा. आणि माणूस बरा झाला तर गुरूची कृपा, मेला तर त्याने पथ्य मोडलं, असा न्याय जिथे चालतो तिथे पाऊलसुद्धा टाकू नका.

हा न्याय आमच्या घरात अजून चालू आहे. भाईच्या तेराव्यानंतर मी वहिनींना सगळं समजावलं. दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले, चार आणि चार बोट लावून दाखवले. खडा आधीपासून आत होता, कधीही अडकला असता, यात घरातल्या कुणाचाच दोष नाही, असं तीनतीनदा सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, मानही हलवली.

मग म्हणाल्या, "आठ तारखेक ह्यांनी बांगड्याचो एक तुकडो मागल्यानी. मी दिलंय. सुशांतजी म्हणाले, मासो पोटात गेलो म्हणान विष उलाटला."

"वहिनी, ते खोटं आहे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण तो तुकडो मी देवक नको होतो."