तामकाकांच्या बांबूवरची झावळी

तामकाकांच्या तोंडातून सकाळी पहिला शब्द कोणता निघणार, हे मी झोपेतही सांगेन. ‘पूर्वी.’ माझी होडी त्यांच्या होडीला लागली, शेवयांच्या गरम सुपाचा वाडगा त्यांच्या हातात गेला, की पहिला घोट घ्यायच्या आधीच गाडी सुरू.

“साऊ, पूर्वी या नदीवर एका होडीतून दुसऱ्या होडीत पाय टाकत पलीकडच्या काठाला जाता यायचं. तळवासुद्धा भिजायचा नाही.”

“आणि पूर्वी माझी आई सुपात मांस जास्त घालायची, तेही बोलून टाका.”

“घालायचीच! तुझ्या वाडग्यात मांस शोधायला टॉर्च लागते.”

हाऊ नदीवर आम्ही माणसाला आकड्याने हाक मारतो. साऊ म्हणजे सहा, ताम म्हणजे आठ. भावंडांत ज्याचा जो नंबर, तेच त्याचं नाव. आता घरात एक नाही तर दोन पोरं, आठवा आणायचा कुठून? ही तक्रारसुद्धा तामकाकांचीच. त्यांना जगाच्या एकूण एक गोष्टीबद्दल तक्रार होती. अननस पूर्वी गोड होते. मासे पूर्वी शहाणे होते. मी ऐकून घ्यायची, कारण ऐकायला गोड वाटायचं आणि चिडवायला त्याहून गोड.

एक मात्र त्यांचं खरं होतं. आमचा तरंगता बाजार आटत चालला होता. लोक फोनवरून माल मागवतात, ट्रक रस्त्याने जातात, आणि उरलेल्या आम्हा मूठभर होड्यांचे फोटो काढायला पर्यटक येतात. तरी बांबूची रीत आम्ही सोडलेली नाही. जे विकायचं ते होडीवरच्या उंच बांबूला टांगायचं. अननस टांगला तर अननस, भोपळा टांगला तर भोपळा. कपडे टांगलेले असले तर ते वाळत घातलेले, विकायचे नव्हेत. आणि नारळाची झावळी टांगली, तर झावळी नव्हे, होडीच विकायला काढली आहे, असं समजायचं.

या कपड्यांवरून तामकाकांचा एक आवडता किस्सा होता. लग्नाआधी काकू आपल्या बापाच्या होडीवर असायच्या. बांबूवर चौकड्यांचा पंचा वाळत होता. तरुण तामकाका होडी वल्हवत गेले आणि साळसूदपणे म्हणाले, “पंचा केवढ्याला?” काकू म्हणाल्या, “विकायचा नाही, वाळत घातलाय.” हे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. “वाळला का?” असे रोज. शेवटी सासऱ्यांनी कंटाळून मुलगीच दिली.

“बुद्धी लागते त्याला,” काका दर वेळी सांगायचे. काकू अननस सोलत गप्प हसायच्या.

पण अलीकडे काकू हसायच्या कमी. गुडघे गेले होते. या होडीतून त्या होडीत जाताना एकदा फळीवरून पाय घसरला, आणि मी दंडाला धरलं म्हणून बरं, नाहीतर नदीतच. मुलीचं घर धक्क्यावर, अगदी समोर. ती केव्हाची राहायला या म्हणत होती. काकूंनी विषय काढला की काका म्हणायचे, “पूर्वी बायका होडीत बाळंत व्हायच्या.” झालं, संपला विषय. मला असा संताप यायचा! बाळंतपणाचा आणि गुडघ्यांचा काय संबंध?

मग एका सकाळी मी होडी लावली आणि वर बघितलं. तामकाकांच्या बांबूवर अननसाशेजारी झावळी.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. काकूंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. काका होडीच्या टपाखाली बसून वाडग्याची वाट बघत होते. स्वतःच्या बांबूकडे मान वर करून कोण बघतं?

थोड्याच वेळात माणसं यायला लागली. कलिंगडवाले आले, ढिगातलं सगळ्यांत चांगलं कलिंगड काकांच्या मांडीवर ठेवून गेले. भोपळेवाली म्हातारी आली, त्यांचा हात धरून बसली, डोळे पुसून निघून गेली. कॉफीवाल्याने आपणहून जास्त दूध घातलं, म्हणाला, “काका, तुमच्यासारखी माणसं आता होणार नाहीत.”

काका असे खुलले, की काय सांगू! “साऊ, मी उगाच जगाला नावं ठेवत होतो गं. बघ की, माणसं पूर्वीसारखीच आहेत!”

मी त्यांच्या वाडग्यात मांसाचे आणखी तुकडे घातले.

“तूसुद्धा?” ते संशयाने म्हणाले. “आज आहे तरी काय?”

तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगाकडचा एक माणूस होडी लावून चढला आणि सरळ इंजिनाकडे वळला.

“अहो, अननस इकडे आहेत. तिकडे काय बघताय?”

“इंजिन बघतोय. झावळी लावलीयत ना?”

काकांनी मान वर केली.

“कुणी बांधली?”

“मी,” काकू म्हणाल्या.

“मला न सांगता? तोंडाने बोलायचं तरी!”

“बोलले की. तुम्ही दर वेळी ‘पूर्वी’ म्हणालात.” काकूंनी सुरी खाली ठेवली. “पूर्वी तरी मी तोंडाने कुठे बोलले होते? पंचा टांगला होता. तेव्हा बरं समजलं.”

“तो वाळत घातला होतास!”

“कोरडा होता अहो तो! तुमची होडी लांबून दिसली की टांगायचे मी. रोज.”

काकांनी जन्मभर सांगितलेला किस्सा असा एका वाक्यात दुसऱ्याच्या नावावर गेला. मला हसू आवरेना आणि रडूही. ते काकूंच्या गुडघ्यांकडे बघत राहिले, जणू आज पहिल्यांदा दिसले.

मग उठले, त्या माणसाला म्हणाले, “होडी घेऊन जा. बांबू मात्र मिळणार नाही.”

आता मी धक्क्याखाली होडी लावते, काका पायऱ्या उतरून वाडगा न्यायला येतात. एक नाही, दोन. तक्रार सुरूच आहे. “पूर्वी पाणी कसं जवळ होतं!” पूर्वी म्हणजे गेल्या पावसाळ्यात.

बांबू मुलीच्या गच्चीवर बांधलाय. त्यावर चौकड्यांचा पंचा.

“काका, पंचा केवढ्याला?” मी खालून ओरडते.

“विकायचा नाही, वाळत घातलाय!”

परवा मी वाडगे परत न्यायला गच्चीवर गेले तेव्हा हात लावून बघितला. कोरडा ठणठणीत होता. शेजारी काकू खुर्चीत पाय सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मी नाही टांगला हो. हल्ली रोज सकाळी तुझे काकाच टांगतात.”