फुलताईचं तेल आणि दुसरी कुंडी

सभागृहाच्या जिन्यातच फुलांचा वास यायला लागायचा आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. आत खुर्च्या केव्हाच भरलेल्या असायच्या. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पुढच्यांच्या डोक्यांमधून व्यासपीठावरची फुलताई दिसते का ते बघायचे.

फुलताईच्या हातात काचेचा ड्रॉपर असायचा. पुढे रांगेने मनगटं.

"त्वचा म्हणजे मनाची खिडकी, बरं का," ती मधाळ आवाजात सांगायची. "आपण खिडक्या बंद करून बसलोय. माझं तेल फक्त कडी काढतं. आत साठलेलं आपसूक बाहेर येतं. आपण मध्ये मध्ये करायचं नाही."

मनगटावर थेंब पडायचा, फुलताई डोळे मिटायची, आणि जरा वेळाने कुणाकुणाच्या मनगटावर लालभडक चट्टा उमटायचा. ज्याला उमटला त्याचं दुःख बाहेर पडलं. नाही उमटला तो मोकळ्या मनाचा. नवऱ्याच्या आजारपणाने खचलेली शिंपीणबाई लाल व्हायची आणि तिच्या शेजारचा सदा खिदळणारा विमा एजंट कोराच्या कोरा राहायचा. तेलाला माणूस कळतो, हे बघून लोक तोंडात बोटं घालायचे.

त्यांच्यातच एक बोट पुरावे सरांचं होतं.

हे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलांनी ठेवलेलं हे नाव गावभर झालं होतं, कारण सर कशालाही पुरावा मागायचे. दूध उतू गेलं असं बायकोने सांगितलं तरी ओट्यापर्यंत जाऊन बघून यायचे. काडीशिवाय आग पेटवणारा महाराज आणि पोटातून खडे काढणारी बाई या दोघांचं पितळ त्यांनी उघडं पाडलं होतं. त्याची वर्तमानपत्रातली कात्रणं फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलेली होती आणि त्यांवरची धूळ बायको पुसायची.

असा माणूस फुलताईकडे गेला तो अर्थातच तिलाही उघडं पाडायला. परत आला तो बाटली घेऊन.

झालं असं की सभागृहाच्या दारात एक गोड चेहऱ्याची बाई उभी असे. ती प्रत्येकाच्या छातीवर कागदाचं फूल लावायची, कुणाला गुलाबी, कुणाला पांढरं, आणि लावता लावता मायेने विचारायची, "घरी सगळं ठीक ना?" सरांच्या बायकोने "अगदी उत्तम" म्हणून विषय मिटवला आणि पांढरं फूल लावून घेतलं. सरांना मात्र इतक्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. ते दारातच सुरू झाले. लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ गुटगुटीत आहे, पण लेक हसत नाही, जेवत नाही, भिंतीकडे बघत बसते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, वेळ लागेल म्हणालेत. पण बापाला ते बघवत नाही. बाईने त्यांच्या छातीवर गुलाबी फूल लावलं आणि खांद्यावर थोपटलं.

आत गेल्यावर सरांचं मनगट असं लाल झालं की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं. सरांचे डोळे भरून आले. लेकीसमोर आपण खंबीरपणाचं सोंग आणतो, ते कुणीतरी ओळखलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडा अभिमानही वाटला. विज्ञानाच्या माणसाचं दुःखसुद्धा किती खोल असतं, हे आज चारचौघांत सिद्ध झालं होतं.

बायकोचं मनगट कोरंच राहिलं. घरी येताना ती म्हणाली, "म्हणजे मला दुःख नाही? तुमच्याशी इतकी वर्षं संसार करून?"

"अगं, तेलाला ते बरोबर कळतं."

"तेलाला कळतं. आणि मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते, ते तुम्हाला कळत नाही."

एरवी दुधाचा पुरावा मागणाऱ्या माणसाने हा पुरावा तसाच सोडून दिला.

लेकीला त्यांनी तेल दिलं ते व्याख्यान देऊनच. सुगंधाचे कण नाकातून मेंदूच्या भावनांच्या भागापर्यंत जातात, वगैरे. त्यात तथ्य होतं, म्हणून तर ते स्वतःच फसले. मानेला आणि मनगटाला तेल लावून लेक बसली. वास तिला आवडला. दुसऱ्या दिवशी तिने न सांगता खिडकी उघडली, केस धुतले. सर हरखून गेले. आणखी एका फ्रेमची जागा त्यांनी भिंतीवर मनातल्या मनात हेरून ठेवली.

मग लेकीची मान लाल झाली, आग व्हायला लागली. फुलताई म्हणाली, "निघतंय. निघू दे. पण या गोळ्या दुःख आत दाबतात हं. एक हात दार उघडतोय आणि दुसरा लावतोय, असं कसं चालेल?"

लेकीने गोळ्या बंद केल्या. आणि पुरावे सरांनी मान डोलावली.

काही दिवसांनी बाळाच्या गालावर पुरळ उठलं. फुलताईने बाळाकडे बघून सुस्कारा टाकला. "आईचं दुःख बाळात उतरलं. आता आईने बाळाला जवळ घ्यायचं नाही, आणि तेल दुप्पट लावायचं."

घरी आल्यावर लेकीने बाळ आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाळ रडायला लागलं तशी ती आतूनच म्हणाली, "त्याला माझ्याजवळ आणू नका, बाबा. मी विषारी आहे."

बाळाला उचलून सर तडक त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. या बाई म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

तिने बाळाचा गाल पाहिला, मग दुसरा गाल पाहिला. "सर, पुरळ एकाच गालावर आहे. बाळ झोपतं कसं?"

"आईच्या डाव्या खांद्यावर."

"आणि आई तेल कुठे लावते?"

वर्गात गृहपाठ न केलेलं पोर जसं चपलांकडे बघतं, तसे सर चपलांकडे बघत होते.

"दुःख उतरायचं तर एकाच गालावर कशाला उतरेल?" ती म्हणाली. "अहो, फुलांचं असलं अर्क-तेल किती तीव्र असतं! साध्या तेलात न मिसळता लावलं की कातडी भाजल्यासारखी होते. सर, नववीत तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत, आठवतंय? मी झाड अंधारात ठेवलं आणि ते पिवळं पडलं, एवढंच लिहून आणलं होतं. 'दुसरी कुंडी उजेडात ठेवली नाहीस तर झाड अंधाराने पिवळं पडलं की पाणी न घातल्याने, तुला काय कळणार,' असं ओरडला होतात. मग आता तुमची दुसरी कुंडी कुठाय?"

"घरीच आहे," सर हळूच म्हणाले. "बाथरूममध्ये नळ सोडून रडते."

आणि बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुःख दोघांचं एकच. मनगट मात्र एकाचंच लाल. मग दोघांत फरक कशाचा होता? एका कागदी फुलाचा.

घरी येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, पण ती दाराआडून म्हणाली, "डॉक्टरांना कातडी दिसते, बाबा. फुलताईने माझं आतलं ओळखलं."

"ते मीच दारातल्या बाईला सांगितलं होतं गं," सर म्हणाले. पण बंद दाराला हे कसं पटणार?

पुढच्या सभेला दोघं नवरा-बायको गेली. दारातल्या बाईपाशी सरांनी रडगाणं गायलं, बायकोने सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. एकाला गुलाबी फूल, एकीला पांढरं. आत शिरताच खांबाआड दोघांनी फुलं बदलली. बायको कुजबुजली, "अहो, लग्नातसुद्धा आपण इतके लपूनछपून वागलो नव्हतो."

फुलताईने नेहमीप्रमाणे डोळे मिटले. पण मिटण्याआधी तिची नजर छातीवरच्या फुलावर जाते आणि मग हात बाजूच्या दोन सारख्याच ड्रॉपरांपैकी एकाकडे वळतो, हे सरांनी आज पाहिलं. मागच्या खेपेला ते स्वतःच्या दुःखाकडे बघण्यात गर्क होते.

बायकोचं मनगट लाल झालं. सरांचं कोरं राहिलं.

बायकोने मनगट नाकाशी नेलं आणि नाक मुरडलं. "अहो, यात दालचिनी आहे. फुलांच्या वासाखाली लपलीय."

सर उठले. "ताई, दोन्ही ड्रॉपरमधला एकेक थेंब या कागदावर टाकता का?"

"नकारात्मक माणूस बसला की तेल बिथरतं," फुलताई म्हणाली. "विश्वास नसेल तिथे ते चालत नाही."

"माझा होता ना विश्वास," सर म्हणाले. "म्हणून तर चाललं."

कुणीतरी हसलं. शिंपीणबाईने पुढे होऊन स्वतःच थेंब टाकले आणि कागद पंख्याखाली धरला. एक डाग बघता बघता विरून गेला. दुसरा तळणीखालच्या कागदासारखा तेलकट राहिला.

"अर्क हवेत उडून जातो, साधं तेल मागे राहतं. विरला तो निव्वळ अर्क, दालचिनीच्या तेलाने आणखी तिखट केलेला," सर म्हणाले. "तो गुलाबी फुलासाठी. तेलकट राहिला त्यात साधं तेल भरपूर आणि वास नावाला. तो पांढऱ्यासाठी. घरी काय चाललंय ते आपण दारातच सांगतो. तेलाला काही कळत नाही, दारातल्या बाईला कळतं." मग त्यांनी घसा साफ केला. "मी मुलांना शिकवतो की एक कुंडी बघून निकाल देऊ नका. इथे मी माझं मनगट बघितलं आणि शेजारी बसलेल्या बायकोचं विसरलो. मला कुणी मूर्ख म्हणणार असेल, तर पुरावा द्यायला मी तयार आहे. पण तुम्ही तरी विचारा. लाल झालं तर कशाने झालं, आणि नाही झालं तर का नाही. आणि कुणी तुमच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा."

विमा एजंट आपल्या कोऱ्या मनगटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे मीपण दुःखी असू शकतो?" या वेळी तो खिदळला नाही. शिंपीणबाईने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. फुलताई पिशवी भरून मागच्या दाराने केव्हा गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी सरांनी लेकीच्या दारावर टकटक केली. फटीतून तिने पाहिलं, तर आईचं मनगट लाल आणि वडिलांचं स्वच्छ.

"बघ," आई म्हणाली, "फूल बदललं आणि दुःख माझ्याकडे आलं."

लेकीने दार उघडलं आणि ती दोन मनगटं शेजारी शेजारी धरून पाहिली. "म्हणजे बाळाला... ते माझ्यामुळे नव्हतं?"

"तेलामुळे होतं, राणी. आणि तेल मी आणलं होतं."

लेकीने मान स्वच्छ धुतली आणि बाळाला घेतलं. ती रडली, पण बाळाला घट्ट धरून रडली. दुसऱ्या दिवशी सर तिला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्या त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाल्या. तेलाचं काय, हे तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ही बाटली फेका. वास आवडतो तर चांगलं तेल आणा, पण आत्ता नको, मान बरी होऊ दे. मग चमचाभर साध्या तेलात एखादाच थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघायची. डोळ्यांजवळ, जखमेवर, बाळाच्या अंगावर अजिबात नाही, आणि पोटात तर मुळीच नाही. वासाने बरं वाटलं तर छान. औषधाच्या जागी मात्र तो चालायचा नाही." बाळाचा गाल काही दिवसांत नितळ झाला.

बैठकीतल्या फ्रेमा सरांनी स्वतः उतरवल्या. भिंतीवर नुसते खिळे राहिले. बायको म्हणाली, आता धूळ तरी कमी.

मग एका दुपारी बाथरूममधून पाण्याचा आवाज येत राहिला. भांडं भरून वाहत असावं, असं सरांना एरवी वाटलं असतं. ते उठले, दाराशी गेले आणि हलकेच म्हणाले, "अगं, नळ बंद कर. बाहेर येऊन रड. मी आहे इथे."

या वेळी त्यांनी पुरावा मागितला नाही.