बहात्तर तास थंड

माझ्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सगळ्यात जास्त बोलणी कोण खात असेल तर बाळांचे बाप. काचेवर बोटं वाजवतात, मशीनला हात लावतात. त्यामुळे तीन नंबरच्या बाळाचा बाप फ्रिज दुरुस्त करणारा निघाला, तेव्हा मी कपाळाला हात लावला. मशीन बाळाला थंड करणारं, आणि बाप त्यातलाच जाणकार!

बाळंतपणात नाळ दबली होती. बाळाला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नव्हता. डॉक्टरांनी बापाला आणि त्याच्या सासूबाईंना समजावलं, "ऑक्सिजन तुटला तरी मेंदूच्या सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. बऱ्याचशा सावरतात. खरा घात काही तासांनी सुरू होतो. तो थोपवायला बाळाला तीन दिवस साडेतेहतीस अंशांवर ठेवायचं. थंडीत पेशींची भूक मंदावते."

"मग बरा होईल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"दूध ओढायला लागला की अर्धी लढाई जिंकली."

बापाने मान डोलावली. सासूबाई मात्र बाळाच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या. "किती गार पडलंय हो लेकरू," त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीची वेळ संपली, सासूबाई गेल्या आणि बाप मात्र रेंगाळला. "सिस्टर, मशीन जास्त राबतंय."

"तुम्ही तुमचे फ्रिज बघा, बाळ मी बघते." मी फटकारलं.

"बाळाखालच्या गादीत पाणी सकाळपेक्षा पाच अंशांनी गार सोडतंय. तरी बाळ वर चाललंय."

मी आकडे पाहिले. तेहतीस पूर्णांक नऊ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाण्याच्या नळीपासून वायरीपर्यंत सगळं तपासलं, सगळं जागच्या जागी.

"आमच्याकडे असं झालं की आधी दार बघतो," तो म्हणाला. "कुठूनतरी उष्णता आत येत असते."

मी चादर उचलली. बाळाच्या पायांशी, फडक्यात गुंडाळलेली रबरी पिशवी. गरम पाण्याची. सासूबाईंनी लेकीच्या कंबरेसाठी घरून आणलेली.

सासूबाईंना बोलावलं. मला भयंकर संताप आला होता आणि मी तो लपवला नाही. "तीन दिवस थंड ठेवायचं म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

त्या उभ्या जागी रडू लागल्या. "मला वाटलं, डोकं गार ठेवतात. पायांना काय होतंय? जावईबापू, मी माझ्याच नातवाचा घात केला का हो?"

"नाही, आई. वेळेवर सापडलं," तो म्हणाला. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. वीस मिनिटांत आकडा पुन्हा साडेतेहतीसवर आला. कातडीला चटका नव्हता. डॉक्टरांनीही काही बिघडलं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. फ्रिजवाल्याची मी माफी मागितली. तो हसला. त्या दिवसापासून त्याला एक ओरडा माफ होता.

बहात्तर तास भरल्यावर मशीनने बाळाला तासाला अर्धा अंश अशा बेताने वर आणलं. सकाळी पहिल्यांदा आईच्या छातीशी दिलं. त्याने तोंड लावलं आणि नुसतं धरून ठेवलं. कुणी श्वास घेईना. एकदा ओढलं. थांबलं. मग चटचट, चटचट ओढायला लागलं, आणि घोट गिळल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. फ्रिजवाला भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला. मीही फार मागे नव्हते.

सासूबाई दाराबाहेरच. हात पाठीमागे बांधून.

"आत या की," मी म्हटलं.

"नको सिस्टर. माझ्या हातानं पुन्हा काही व्हायला नको."

दूध पिऊन बाळ पेंगलं होतं. आतून लेकीने हाक मारली, "आई, याला धर गं जरा. मला झोप येतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली.