प्लस बॉडीला

"पंखा फिरतोय ना? मग गाडी तापतेय कशी?" शेलीननं तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि हेल्मेट माझ्या काउंटरवर आपटलं.

"मला काय विचारतेस? मी पार्ट विकते," मी म्हटलं. "आणि ते हेल्मेट उचल आधी. वाळू सांडतेय सगळी."

शेलीन ही बटाटेवाल्या बर्चांची धाकटी. वय चोवीस, जीभ कात्रीसारखी. तिची लाल एटीव्ही, वाळूत पळवायची चारचाकी, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आमच्याकडे आली होती. वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी सगळं ठीक, अर्ध्या चढावर लाल दिवा लागायचा आणि माथ्यावर पोचेपर्यंत कूलंट उकळून बाहेर. सोमवारपासून बटाट्याची काढणी. काढणीला आमच्याकडे शाळासुद्धा बंद ठेवतात, मग शेलीनला कोण सोडतंय? वाळूत गाडी पळवायला तिच्या हाती उद्याचा एक शनिवार उरला होता.

"ब्रदर स्टोडार्ड," तिनं आमच्या चर्चच्या रीतीनं डेलविनला आत हाक मारली, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण आमचे बाबा म्हणतात, यंदा बटाटे या गाडीवरच उकडून घेऊ."

डेलविन गाडीमागून उठला, गुडघे चोळत. "बाबांना सांग, मीठ तेवढं घेऊन या. दोनला ये. तयार असेल."

ती गेली. डेलविन गाडीकडे बघत उभा राहिला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, त्यातली चौतीस वर्षं याच दुकानात. इंजिनचा आवाज फोनवर ऐकून दुखणं सांगणारा. आणि आता त्याच्या तोंडावर असं काही होतं की जणू गाडी त्याच्याशी परक्या भाषेत बोलत होती.

"थर्मोस्टॅट बदलला," तो बोटं मोडत म्हणाला. "रेडिएटरचं झाकण बदललं. जाळीतला चिखल धुतला. पंप बघितला. पंखा तर नवाच घातलाय मी. आता राहिलं काय, मर्ना?"

"भूतबाधा," मी म्हटलं.

तो हसला नाही. "पुन्हा एकदा हवा काढतो. पाइपात कुठंतरी हवा अडकली असेल."

हवा त्यानं दोनदा काढलेली होती. मला ते माहीत होतं. त्याला माहीत होतं की नव्हतं, तेच मला कळेना.

मला काळजी शेलीनच्या शनिवाराची नव्हती. मार्चमध्ये विसरभोळेपणाच्या तपासणीत डॉक्टरांनी डेलविनला घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं. काटे कुठं काढायचे ते त्याला सुचेना. तिथून तो घरी न जाता सरळ दुकानात आला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "हे बघ मर्ना, माझ्या कामात घोळ झाला तर लारूला कळणार नाही. बायको आहे, ती पांघरूण घालेल. मुलं लांब. कळेल ते तुला. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तोंडावर सांगायचं. मी पाना खाली ठेवीन. दे वचन."

मी दिलं. बावीस वर्षं ज्याच्या हाताखाली काढली त्यानं मागितलं, आणि मी मूर्खासारखी हो म्हणून बसले.

साडेबाराला तो जेवायला घरी गेला. दुकानात मी एकटी. मला मेकॅनिकी येत नाही. पण बावीस वर्षं कानावर पडतंय म्हटल्यावर थोडं डोक्यात झिरपतंच. मी गाडी चालू केली आणि पुढच्या बाजूला स्टूल ओढून बसले. म्हटलं, बघू तरी बया करते काय. इंजिन तापलं, टिक् झालं आणि पंखा सुरू झाला. छान भरभरून फिरत होता. मी माझं सँडविच उघडलं.

दोन घास खाल्ले असतील. मला नडग्यांना गरम लागायला लागलं.

आधी वाटलं, माझं वय. मग वाटलं, उन्हाची तिरीप असेल. पण शटर अर्धं खाली होतं. मी वाकून जाळीपुढं हात धरला तर गरमागरम वारा हातावर आला. म्हणजे? पंखा असतो रेडिएटरच्या मागं. तो पुढून गार हवा ओढतो आणि मागं फेकतो. मग पुढं गरम वारा कसा? माझं डोकं चालेना. सँडविचचा कागद जाळीपुढं धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून माझ्या तोंडावर आला.

पंखा उलटा फिरत होता. गाडी चढावर गेली की पुढून येणाऱ्या वाऱ्याला हाच अडवत होता आणि इंजिनची धग पुन्हा रेडिएटरवर ओतत होता. बसल्या जागेवरून बघणाऱ्याला दिसणार काय, तर पंखा फिरतोय. काखेत कळसा आणि पंधरा दिवस गावाला वळसा!

देवाशपथ सांगते, आधी मला आनंदच झाला. म्हटलं, पंखाच चुकीचा आला, मी त्या माल पाठवणाऱ्याला फोन करून झाडते. मग आठवलं, हा पंखा दुसऱ्या मॉडेलचा. त्याचा प्लग बसत नव्हता म्हणून डेलविननं वायरी कापून जोडल्या होत्या. मी गाडी बंद केली, थोडी थंड होऊ दिली आणि जोडावरची टेप सोडली. काय सुरेख गुंडाळली होती! अर्ध्यावर अर्धी, टोकाला मेणाचा दोरा. अशी टेप गावात दुसरं कुणी मारत नाही. आत पंख्याची लाल वायर, म्हणजे प्लस, गाडीच्या बॉडीकडं जाणाऱ्या वायरीला जोडलेली. आणि काळी बॅटरीकडच्या. सरळ उलटं.

अदलाबदल करायला मला चार मिनिटं लागली. गाडी पुन्हा चालू केली, कागद फट्दिशी जाळीला चिकटला. मी टेप मारली, त्याच्यासारखी जमली नाही. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

आता बोलायचंच कशाला? असंच मनात आलं, खोटं कशाला सांगू. घाईत कुणाचीही होते चूक. एका चुकीसाठी माणसाला घरी बसवायचं? वचन दिलं तेव्हा मला काय ठाऊक होतं ते इतकं जड असेल म्हणून!

दीडला डेलविन आला. गाडीचा आवाज ऐकला, काट्यावर नजर टाकली आणि लहान पोरासारखा खुलला. "बघ! म्हटलं नव्हतं? हवाच होती. अजून आहे गं म्हाताऱ्यात दम."

मी मान डोलवली. किती बरं वाटत होतं त्याला बघून. तिथंच गप्प बसले असते तर भागलं असतं. पण मला खात्री करून घ्यायची होती की ती नुसती घाईतली चूक होती. म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, "डेलविन, वायर जोडताना प्लस कुठं जातो रे?"

"बॉडीला," तो हात पुसत म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

"बॉडीला?"

"मग कुठं? प्लस बॉडीला, मायनस स्विचला. उलटं केलंस तर बाबा कान उपटतील. परवाच ट्रॅक्टरचं करताना सांगितलं त्यांनी."

त्याच्या वडिलांना जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यांचा तो जुना ट्रॅक्टर मला आठवतो, त्या काळच्या काही ट्रॅक्टरांत खरोखरच प्लस बॉडीला असायचा. बटाट्याच्या शेतात वाढलेल्या आमच्या पिढीच्या पोरांचे हात त्यावरच बसले. पुढं सगळं उलट झालं, आणि पन्नास वर्षं डेलविन ते बरोबर करत आला. आता कुठल्या तरी दिवशी त्याचा हात परत वडिलांच्या त्या ट्रॅक्टरवर गेला होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

मला रडू आलं. लपवायला मागं वळले, पण त्यानं बघितलं.

"काय झालं?" तो म्हणाला. मग गाडीकडं बघितलं. माझ्या वेड्यावाकड्या टेपकडं बघितलं. बोटानं ती चाचपली. "ही टेप माझी नाही."

"नाही."

"तू जोडलंस?"

"हो."

"मी काय केलं होतं?"

"पंखाच आहे रे. काही कुणी मेलं नाही," मी म्हटलं.

"आज पंखा," तो म्हणाला. "उद्या कुणाच्या पोराचा ब्रेक असेल. मर्ना, तू कबूल केलं होतंस. सांग."

"काय सांगू?"

"ते तुलाच सांगायचंय. मी नाही बोलणार."

मी त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं बघत म्हटलं, "डेलविन, आता पुरे."

त्यानं मान हलवली. हातातला पाना फडक्यानं पुसला, भिंतीवर लावला. त्याच्या जागेपासून दोन जागा सोडून पलीकडं. मग थांबला, गोंधळला, आणि काढून बरोबर जागी लावला.

दोनला शेलीन आली. मी तोंड उघडणार तोच तो पुढं झाला. "चूक माझी होती. वायर उलटी जोडली होती मी. या मर्नानं दुरुस्त केली. आता चांगली चालेल."

"तुम्ही? उलटी?" शेलीन हसायला लागली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग माझ्याकडं बघितलं, आणि हसू तसंच ओठांवर राहिलं. "असू दे हो, ब्रदर स्टोडार्ड," ती हळूच म्हणाली. "होतं असं."

"होतं," तो म्हणाला. "पण गाडीच्या बाबतीत होऊन चालत नाही."

सोमवारी सकाळी त्याचा भाचा येणार होता, त्याच्या जागी दुकान सांभाळायला. मी लवकर येऊन उघडलं. सात वाजले. डेलविन चौतीस वर्षं मागच्या शटरनं यायचा, शटर वर सारत, कुणाला तरी शिव्या देत. मी उगीच तिकडं कान लावून बसले होते. आणि पुढच्या दाराची घंटी वाजली.

तो होता. धुतलेला पांढरा शर्ट, चर्चला जाताना घालायचा तो. पायपुसण्यावर बूट नीट पुसले, दोन्ही. मग आत येऊन काउंटरसमोर उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं. त्या दारानं येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते तेच तोंडातून निघालं.

"या. काय मदत करू?"

त्यानं टोपी काढली. "काही नाही," म्हणाला. "आमचं काही घाईचं नाही. तुमचं होऊ दे."

आणि गाडी होईपर्यंत गिऱ्हाइकं थांबतात त्या खुर्चीवर तो जाऊन बसला.