मांडीवरचं तिकीट

शर्लीच्या पॉइंट्सना घरात कुणी नावं ठेवायची नाहीत, हा नियम मीच केला होता. माझी ही धाकटी बहीण पर्थला गेल्यापासून भाजी, पेट्रोल, सोफा, सगळं एकाच कार्डावर घेते आणि विमान कंपनीचे पॉइंट्स जमवते. रोज सकाळी तिची एक लिंक येते. या मार्गावर पॉइंट्सच्या सीटा सोडल्या, त्या भागीदार कंपनीने हात आखडता घेतला. ऑस्ट्रेलियातल्या प्रवाशांच्या या बातम्या मी बहारीनमध्ये, अरादच्या आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या लेकाचं, एलरॉयचं दूध कोमट करता करता वाचते.

मग शर्लीला दिवस गेले. आमची आय दोन वर्षांपूर्वी गेली. शर्लीचा नवरा ड्वेन खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. बाळंतपणाला जाणार कोण? मीच. डॉक्टरांनी दोन जुलै तारीख दिली होती. मी वीस जूनला निघायचं, वीस जुलैला परत यायचं आणि एलरॉय माझ्या मांडीवर, कारण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी सीट लागत नाही. शर्लीने तिचे सगळे पॉइंट्स माझ्या नावावर केले. माझा आणि एलरॉयचा व्हिसा झाला. अकरा तासांच्या विमानात किती डायपर लागतील तेसुद्धा मी लिहून काढलं. फक्त सीट मिळत नव्हती.

एकतीस मेला सकाळी लिंक आली. उद्यापासून तिकिटांना जास्त पॉइंट्स लागणार. आमचे पुरणार नव्हते. पण त्याच सकाळी आमच्या दोन्ही तारखांना एकेक सीट उघडली होती.

मी नवऱ्याला, ग्रेगरीला, हिद्दच्या ऑफिसात फोन लावला.

"रात्री बारापर्यंत मुदत आहे ना?" तो म्हणाला. "मी हिद्दहून आलो की निवांत बसू."

"सिडनीचे बारा, ग्रेगरी, कंपनी तिथली आहे. आपले पाच."

"मग तूच काढून टाक ना ऑनलाइन."

"मांडीवरचं मूल ऑनलाइन होत नाही. फोन करावा लागतो. तीन वेळा सांगितलंय तुला."

दोन वाजता विमान कंपनीचा फोन एकदाचा लागला. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं एक बाई इंग्रजीत सांगायची आणि पुन्हा तेच पियानोचं गाणं लागायचं. स्पीकर चालू ठेवून मी एलरॉयला भात भरवला. त्याने तो माझ्या पासपोर्टवर थुंकला. एका हाताने पासपोर्ट पुसत होते तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कनीजआपा आल्या. त्या रत्नागिरीच्या, इथे वीस वर्षं झाली त्यांना. गाणं ऐकून म्हणाल्या, "कोणाचं लग्न हाय गो?"

"माझं डोकं फिरायची वेळ आलीय, आपा."

चारला एक मुलगी बोलली. नाव अलिना. फार गोड बोलत होती, त्याचाच मला जास्त राग आला. माझं नाव, तारखा, सगळं जुळलं. सीटा अजून होत्या.

"आणि बाळाची जन्मतारीख?"

"नऊ जुलै, दोन हजार चोवीस."

तिकडून कीबोर्डची टकटक.

"मॅडम, परतीच्या दिवशी तो दोन वर्षं अकरा दिवसांचा असेल. त्याला स्वतःची सीट लागेल."

"नाही नाही, त्याचा वाढदिवस चोवीसला..." मी म्हणाले, आणि चोवीस तारीख कशाची ते आठवलं.

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचं सगळं शुक्रवारी असतं. चर्चमधली मिस्सा शुक्रवारी, सणाचं जेवण शुक्रवारी, वाढदिवस ज्या वारी येईल तो उचलून शुक्रवारी. या वर्षीचा आम्ही परतल्यानंतर ठेवला होता, चोवीस जुलैला. मनामात हॉल सांगितला होता, केकवर कुठली गाडी तेही ठरलं होतं. दोन महिने मी येईल त्याला सांगत होते, चोवीसला एलरॉय दोन वर्षांचा होणार. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. नऊ तास कळा देऊन ज्याला जन्म दिला, त्याची तारीख मी हॉलवाल्याच्या सोयीने विसरले.

"परतीच्या विमानात दुसरी सीट?"

"एकच आहे, मॅडम. आठ जुलैपर्यंत परत आलात तर मात्र तो मांडीवर चालेल."

आठपर्यंत! पहिलटकरीण. दहा तारखेपर्यंत ताटकळत राहिली तर? मी बाळाचं तोंड न बघताच परत यायचं?

अलिनाला दोन मिनिटं थांबायला सांगून मी आपांच्या फोनवरून ग्रेगरीला सगळं सांगितलं.

"अगं, मग एलरॉयला ठेव इथेच. मी आहे ना."

"तू आहेस? त्याला ताप आला की किती मिली औषध द्यायचं? सांग."

"बाटलीवर लिहिलेलं असेल ना," तो म्हणाला.

"मी हाय ना," आपा म्हणाल्या. "माझे तीन वाढले, चौथा काय जड होणार हाय?"

त्या मनापासून म्हणत होत्या. पण एलरॉय माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही, हे मी कुणाला कसं समजावणार होते? शर्लीचा निरोप आलेला होता, ‘झालं का? डोंट वरी, नाही जमलं तर मी मॅनेज करीन.’ मागे, नाताळात, पाय घसरून पडली होती तेव्हाही तिने हेच लिहिलं होतं. एकटीनेच गाडी चालवत हॉस्पिटलला गेली होती.

घड्याळात चार वीस.

मी परतीच्या तिकिटाशिवाय माहेरीसुद्धा कधी गेले नाही. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी बाई मी. तरी माझ्याच तोंडून निघालं, "अलिना, फक्त जाण्याचं काढता येईल?"

"हो, मॅडम. एकेरी निघतं. त्या दिवशी तो दोनच्या आतच आहे."

"काढा."

ग्रेगरी आपांच्या फोनमध्ये ओरडत होता. "अगं, आणि परत कशी येणार? विमानतळावर विचारलं परतीचं तिकीट कुठंय, तर?"

"तर सांगीन, शोधतेय."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर तू ये, आम्हाला न्यायला."

चार चाळीसला मेल आला. माझं नाव, त्याखाली एलरॉयचं, आणि पुढे ‘इन्फंट’. मी दोन्ही नावांची स्पेलिंग पासपोर्टशी चार वेळा ताडून पाहिली. परतीच्या तिकिटाची जागा रिकामीच होती. तरी शर्लीला मेल पाठवला. तिचं उत्तर नुसतं रडणाऱ्या चेहऱ्यांचं.

कनीजआपांनी एलरॉयच्या हनुवटीचा भात पुसला. "मग याचा वाढदिवस कुठल्या शुक्रवारी धरलास?"

"नऊ जुलैला, आपा," मी म्हणाले. "गुरुवार आहे."

आणि चोवीसचा हॉल रद्द करायला हॉलवाल्याचा नंबर शोधू लागले.