टिंबापुढचं कीर्तन

शनिवारी सकाळपासून आमचे हे इकडे उत्तरेत, सोडाला मोहल्ल्यातल्या घरात नुसत्या येरझारा घालत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या मैथिलीचं पहिलं कीर्तन, आणि वाईला अंथरुणाला खिळलेले तिचे गुरू जनार्दनबुवा ते फोनवर ऐकणार होते. त्यासाठी ह्यांनी इंटरनेटवर खास पत्ता विकत घेतला होता. शेवटी डॉट कॉम नाही, टिंबापुढे थेट 'कीर्तन'. जगात हे शेपूट फक्त आपलं, असं मराठी मंडळात सांगूनही झालं होतं. आता तो पत्ता ह्यांच्या फोनवर उघडत होता, बुवांच्या उघडत नव्हता.

मी वाती वळायला बसले, पण एक धड वळेना.

शेवटी मंडळातल्या तन्मयला बोलावलं. सांगलीचा इंजिनिअर, स्वभावाने गरीब. त्याने फोन पाहिला आणि हळूच सांगितलं की नवं शेपूट मिळवायचा रस्ता एकच. जगभरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था कित्येक वर्षांनी कधीतरी अर्ज मागवते. मग यंत्रणा सांभाळता येईल का, कुणाची हरकत आहे का, सगळं तपासते. अख्ख्या मंडळाची घरं विकली तरी तो खर्च भागायचा नाही. काकांना मिळालं ते एका खाजगी दुकानाचं. त्यांचं ॲप ज्याच्या फोनवर, त्यालाच दिसणार.

"मग बुवांच्या फोनवर टाकू ते ॲप," हे म्हणाले.

"कोण टाकणार, बाबा? मतलब, आहे त्याच शेपटाखाली नाव घेऊ ना. डॉट भारत. आत्ता मिळतं," मैथिली म्हणाली.

ह्यांना पटेना. गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा गेले. मीच बुवांना फोन लावून ह्यांच्या हातात दिला. अडखळत सगळं सांगितलं ह्यांनी. बुवा खोकत खोकत हसले.

"गजाननराव, मी जन्मभर दुसऱ्याच्या देवळात उभा राहिलो. पोरीला उभी तर राहू द्या."

चहा निवायच्या आत तन्मयने नाव नोंदवलं.

रविवारी मंडळात मैथिलीने नमनाला हात जोडले. मागे झांजेला मी. हे मात्र फोन धरून दाराशीच उभे. पूर्वरंग संपला, उत्तररंगातली कथा रंगली, तरी बुवांचा पत्ता नाही. माझं लक्ष पदावर कमी, दाराकडेच जास्त.

तेवढ्यात हे माणसांतून वाट काढत आले आणि बुवांचा निरोप माझ्यासमोर धरला. 'आवाज छान येतोय. झांज पळतेय, आवरा.'

मी झांज आवरली. आणि हे दोन दिवसांत पहिल्यांदा खाली बसले.