पुढच्या चाकांची सरळ रेघ

भाचीचं पत्र सहा महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. "मामा, मी बांधलेली शर्यतीची गाडी परवा चाचणीत डावीकडे ओढली गेली. आई म्हणते, विकून टाक. तू काय म्हणतोस? फोनवर नुसता हं-हं करतोस, म्हणून लिहितेय."

चार वेळा उत्तर लिहायला बसलो. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. स्वतःचं मत लिहायचं म्हटलं की पेन अडतं. त्यात गाडीतलं मला काय कळतं? पत्र खणात सारलं.

गेल्या मंगळवारी ती स्वतःच दारात उभी.

"पत्राचं राहू दे. वजन किती तुझं?"

"चोपन्न. का गं?"

"माझ्याइतकंच! चल, चपला घाल. घराण्यात एवढं वाळकं दुसरं कुणी नाही."

तिच्या शेडमध्ये ती गाडी होती. लांबलचक नाक, मागची चाकं बोजड, पुढची सायकलीला शोभतील अशी बारीक. चारशे मीटर सरळ धावायचं, एवढंच तिचं काम. सुटताना पुढची चाकं जमीन सोडतात. परत टेकताना दोन्ही नाकासमोर हवीत, नाहीतर गाडी कडेच्या भिंतीवर. चालवणारी भाची आणि जुळवणारीही तीच. म्हणून मोजताना सीटवर तिच्या वजनाचं माणूस लागतं. रविवारी शेवटची चाचणी होती. पुन्हा ओढली गेली तर तपासनीस गाडी मैदानात घेणार नव्हता, आणि मग ताईपुढे भाचीचं काही चालणार नव्हतं.

"पोत्यासारखा बस. स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

तिने गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरे ताणले आणि फरशीवर आडवी होऊन दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या नि मागच्या कडेपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजलं. प्रत्येक माप तीनदा. दुसऱ्यांदा मोजताना लिहिलेला पहिला आकडा तळहाताखाली झाकायची, म्हणजे डोळ्यांना हवं ते दिसत नाही. मी चकित झालो. छापखान्यात आम्ही याचसाठी ओळ उलटी वाचायचो. हे तिला कुणी शिकवलं?

मग तिने जॅकने नाक इंचभर उचललं. आणखी इंचभर. परत मोजलं.

"सापडला चोर! डावं चाक तीन मिलिमीटर बाहेर बघतंय." स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्याखाली घालायला तिने दोन वॉशर उचलले.

तेव्हा माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं. नाक वर गेलं तसं घाबरून मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, आणि ते जरासं डावीकडे फिरलंही होतं. कान तापले. गप्प बसणं सोपं होतं, सहा महिन्यांचा सराव होता. पण पाना नटावर बसला होता.

"अगं, थांब. माझे हात…"

तिने मान वर केली. "मामा! पोत्याला हात असतात का?"

दोरे, पट्टी, सगळं पुन्हा. या वेळी दीड मिलिमीटर. वॉशर एकच लागला.

"दोन घातले असते तर रविवारी उजव्या भिंतीला भेटून आले असते," ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. पुढे चार वेळा नाक वर गेलं, खाली आलं. पट्टीवरचा आकडा जागचा हलला नाही. मी मांडीखाली हात दाबून बघत राहिलो. एवढं नेटकं काम मी छापखान्यातही क्वचित पाहिलं होतं.

घरी आलो आणि उभ्याउभ्याच लिहिलं: "विकू नकोस. रविवारी काय होईल ते मला ठाऊक नाही, पण आपलाच आकडा झाकून पुन्हा मोजते तिच्यावर माझा भरवसा आहे. ताईशी मी बोलतो. सीटवर वजन लागेल तेव्हा हाक मार."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच वळलो.